अनुदानाच्या भरवशावर झाडे लावण्यापूर्वी

व्यापारी वृक्षलागवडीत पहिल्यांदा उतरताना अनुदान किती मिळेल यापेक्षा ते केव्हा आणि कोणत्या अटींवर हाती पडेल, हे तुम्ही आधी तपासावे. अनेक योजनांत खर्च आधी मालकानेच करायचा असतो. चिलीमध्ये १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या कायद्यानुसार ठरावीक लागवडखर्चाच्या ७५ टक्के रक्कम मिळत असे, पण तीसुद्धा रोपे तगल्याची खातरजमा झाल्यावरच. अशा पाहणीत अधिकारी बांधावरून नजर टाकून परतत नाही, तर नमुन्यासाठी आखलेल्या तुकड्यांतील जिवंत रोपे मोजतो. म्हणून पहिल्या हंगामातच नांग्या भराव्यात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावावीत, आणि रोपखरेदीच्या व मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

अनुदानाच्या करारात दोन अटी बारकाईने वाचाव्यात: तोडणीनंतर पुन्हा लागवड करण्याचे बंधन आहे का, आणि मुदतीआधी जमीन दुसऱ्या कामी लावल्यास रक्कम परत करावी लागते का. लाकडाचे उत्पन्न अनेक वर्षांनी एकदम येते, त्यामुळे त्या वर्षीच्या कराचा हिशेबही आजच मांडावा.

केवळ अनुदानाच्या यादीत आहे म्हणून झाडाची एखादी जात निवडणे मला फार धोक्याचे वाटते. अनुदान एकदाच मिळते, पण जमिनीला न मानवणारे झाड तोडणीपर्यंत सांभाळावे लागते.