वाचकांचे प्रश्न : जुन्या चेरोकीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. माझ्याकडे 1993 ची जीप चेरोकी आहे. 4.0 लिटर इंजिन, एएक्स-15 हा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फोर-व्हील ड्राइव्ह. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबवत नाही आणि गाडी विकायला मन होत नाही. ऑटोमॅटिक बसवता येईल का?

उत्तर : येईल. याच इंजिनाला कंपनीने आयसिन वॉर्नरचा चार गिअरचा एडब्ल्यू4 दिला होता, त्यामुळे बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) थेट जुळते. मात्र नुसता गिअरबॉक्स विकत घेऊ नका. भंगारात निघालेली 1991 ते 1995 मधली, शक्यतो तुमच्याच सालची, ऑटोमॅटिक चेरोकी अख्खी घ्या. गिअरबॉक्ससोबत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी ऑइलमधून जोर पोहोचवणारा भाग), फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागी बसणारी पातळ चकती) आणि तिचे बोल्ट, क्रँक सेन्सर, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट वायरिंगसकट, शिफ्टर आणि केबल, थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणारी थ्रॉटल केबल, ऑइल कूलर असलेला रेडिएटर, ब्रेकचं रुंद पेडल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी), दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट आणि दोन्ही ऍक्सल असं सगळं लागतं. सुटं जमवायला गेलात तर एकेका ब्रॅकेटसाठी आठवडे जातात. ट्रान्सफर केस त्याच गाडीचा घेतला, की स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दात्यांचा, घोळही टळतो. सुरुवातीच्या एडब्ल्यू4 च्या शाफ्टला 21 दाते होते, नंतरच्यांना 23.

ऍक्सल का, असं वाटेल. बहुतेक जण इथेच चुकतात. मॅन्युअल 4.0 चेरोकीत डिफ्रन्शिअलचं (ऍक्सलमधल्या गिअरचं) प्रमाण 3.07 असतं, ऑटोमॅटिकमध्ये 3.55. एडब्ल्यू4 चा चौथा गिअर 0.75 चा आहे. तो 3.07 वर चालवला तर एकूण प्रमाण 2.30 येतं, म्हणजे चाकांना जोर कमी मिळतो. तुमच्याकडच्या घाटांत एवढ्यावर इंजिन दमतं, कन्व्हर्टरचं लॉकअप (त्याला घट्ट जोडून घसरण थांबवणारा क्लच) सारखं लागतं-सुटतं आणि ऑइल तापतं. 3.55 वर तेच प्रमाण 2.66 होतं. बदलायचे तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदला. एकच बदललात तर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन तो मोडेल. ऍक्सलसोबत स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलतो. त्याचं ऍडॉप्टर मुद्दाम एका बाजूला सरकलेलं असतं, म्हणून दातांच्या संख्येप्रमाणे ते फिरवूनच बसवा.

जुना गिअरबॉक्स उतरवताना बेलहाउसिंगच्या वरच्या दोन बोल्टना ई12 टॉर्क्स सॉकेट लागतो. साध्या सॉकेटने डोकी गोल होतात. फ्लायव्हील काढल्यावर क्रँकच्या टोकातलं, मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं पायलट बेअरिंग काढायला विसरू नका. ते राहिलं तर कन्व्हर्टरचा मधला उंचवटा आत जाणार नाही.

कन्व्हर्टर बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. आधी त्यात साधारण लिटरभर ऑइल ओता. मग गिअरबॉक्सवर ठेवून, हलका दाब देत फिरवत राहा. तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो आणि शेवटी पंपाच्या खाचांत बसतो. गिअरबॉक्स चढवल्यावर बेलहाउसिंग इंजिनाला हाताने टेकलं पाहिजे आणि कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फट उरली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका, पुन्हा उतरवा. आवळलात की पंप फुटतो.

थ्रॉटल केबलवर गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब ठरतो. केबल सैल राहिली तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेट घसरून जळतात, फार ताणली तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. केबलवरचं बटण दाबून केबल पूर्ण आत ढकला, बटण सोडा, मग थ्रॉटल पूर्ण उघडा. ती स्वतःच योग्य जागी येते.

वायरिंग सगळ्यात शेवटी करा. कंट्रोल युनिट न जोडताही गाडी चालते. शिफ्टर 1-2 वर ठेवला की पहिला गिअर, 3 वर तिसरा, डी वर चौथा लागतो. एवढं मिळालं तर आतली यंत्रणा ठीक आहे आणि पुढचे दोष वायरिंगमध्ये शोधायचे. कंट्रोल युनिटला थ्रॉटल सेन्सर, गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर, न्यूट्रल स्विच आणि ब्रेक स्विच यांचे सिग्नल लागतात. क्लचचा स्टार्टर स्विच काढल्यावर त्या तारा नुसत्या जोडून मोकळे होऊ नका. न्यूट्रल स्विचमधूनच न्या, नाहीतर गिअरमध्ये असताना गाडी सुरू होऊन पुढे उडी मारेल.

ऑइल डेक्सरॉन 3 प्रकारचं, कोरड्या गिअरबॉक्सला सुमारे 8 लिटर. पातळी इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, सगळे गिअर एकदा फिरवून पार्कमध्ये पाहा. ज्या रेडिएटरच्या आत जुनं ऑइल आहे, तो धुतल्याशिवाय जोडू नका. शक्य असेल तर वेगळा कूलरही लावा.

खर्चाचा हिशेब आधी मांडून पाहा. तुमच्या गाडीचा सांगाडा गंजलेला असेल, तर त्यापेक्षा चांगली ऑटोमॅटिक चेरोकीच घेतलेली बरी. सांगाडा निकोप असेल, तर ही मेहनत सार्थकी लागते.

प्रश्न : पुण्यातल्या माझ्या जुन्या डिझेल जीपला असंच करता येईल का?

उत्तर : त्या इंजिनासोबत कंपनीचा ऑटोमॅटिक आलाच नसेल, तर ऍडॉप्टर प्लेट घडवावी लागते आणि डिझेलच्या कमी आरपीएमला जुळणारा कन्व्हर्टर शोधावा लागतो. काम कितीतरी अवघड. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी वाहनात बदल करण्याची वाट कायद्यात आहे. ती तुम्हाला लागू होते का, हे आरटीओकडून लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. पाना त्यानंतरच हातात घ्या.