क्लीनरूममधलं स्वयंचलित कपाट

प्रश्न : आमची क्लीनरूम, म्हणजे हवेतले कण ठरावीक मर्यादेत ठेवलेला कक्ष, आयएसओ मानकाच्या वर्ग ७ची आहे. सुटे भाग ट्रेमध्ये भरून आपोआप ठेवणारं आणि काढून देणारं उंच कपाट आत बसवायचं चाललं आहे. सप्लायर म्हणतो, ‘सगळं स्टेनलेस स्टील आहे, धुळीचा प्रश्नच येत नाही.’ एवढ्यावर ऑर्डर द्यावी का?
– एक वाचक, उत्पादन विभाग

उत्तर : कृपा करून देऊ नका. स्टेनलेस स्टील हवंच. ते सहसा गंजत नाही आणि पुसायला सोपं असतं. पण कण सुटतात ते एक वस्तू दुसरीवर घासते तिथून. बेल्ट, चाकं, गाइड रेल यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. केबल चेनकडे, म्हणजे विजेच्या तारा सांभाळणाऱ्या लवचीक साखळीकडे मात्र कुणी बघत नाही, आणि ती तर ट्रे नेणाऱ्या गाडीबरोबर दिवसभर वाकत-उलगडत असते.

एका कामात अशाच कपाटाने माझी झोप उडवली होती. यंत्र थांबलेलं असताना हवेतल्या कणांची मोजणी निर्दोष यायची आणि चालू केलं की मधल्या फळ्यांवर आकडा उसळायचा. दोन दिवस आम्ही बेल्ट आणि चाकांवर संशय घेत बसलो. शेवटी आत धूर सोडून पाहिला. गाडी खाली उतरताना तिच्याखालची हवा पंपातल्या दट्ट्याने दाबावी तशी दाबली जात होती आणि तळाशी साचलेलं सगळं बाजूच्या फटींतून वर, थेट मालावर येत होतं. तळाचा पत्रा उचलला, तर केबल चेनच्या वळणाखाली बोटभर लांब काळी रेघ. हातमोजा फिरवला, तर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखी चिकटली. मग तळाला जाळीचा पत्रा लावला, खालून हवा ओढून फिल्टरमधून सोडणारे पंखे बसवले, केबल चेनवर बंदिस्त आवरण घातलं आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात गाडीचा वेग कमी केला. तेव्हा कुठे आकडा खाली आला.

म्हणून सप्लायरला पहिला प्रश्न हवेबद्दल विचारा. वर्ग ७च्या कक्षात हवा बहुधा सगळीकडे मिसळत असते, वरून खाली सरळ वाहत नाही. तेव्हा कपाटाच्या माथ्यावर स्वतःचा पंखा आणि हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) आहे का, फळ्या जाळीच्या आहेत का, मोटर आणि बेल्ट मालाच्या वर तर नाहीत ना, हे बघा. माल आधी आणि यंत्रणा नंतर, असा हवेचा रस्ता असला पाहिजे.

दुसरं, मोजणी कुठल्या स्थितीत करायची ते करारात लिहून घ्या. क्लीनरूमचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ १४६४४-१ या मानकाप्रमाणे वर्ग ७मध्ये एका घनमीटर हवेत ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे ३,५२,००० कण चालतात. वर्ग ५मध्ये फक्त ३,५२०. पण नुसता वर्ग सांगून भागत नाही. कक्ष रिकामा असताना, यंत्रं बसवून थांबवलेली असताना आणि प्रत्यक्ष काम चालू असताना, अशा तीन स्थिती त्या मानकात धरलेल्या आहेत. तुम्ही तिसरीच मागा. गाडी पूर्ण वेगात, ट्रे भरलेले, आणि कण मोजणाऱ्या यंत्राची, म्हणजे पार्टिकल काउंटरची नळी माल जिथे राहणार त्या फळीशी. कक्षाच्या मधोमध घेतलेला आकडा इथे उपयोगाचा नाही. यंत्रसामग्रीची योग्यता तपासण्यासाठी आयएसओ १४६४४-१४ हे वेगळं मानक आहे; त्यानुसार अहवाल आहे का, तेही विचारा.

ट्रे साध्या प्लॅस्टिकचे नकोत. त्यावर स्थिर विद्युत साठते आणि कण ओढले जातात. वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक घ्या आणि त्याचं अर्थिंग तपासा. ग्रीसबद्दलही बोला. त्याची वाफ हेपा फिल्टर अडवत नाही, त्यामुळे तुमचे भाग काचेचे किंवा प्रकाशीय असतील तर कमी वाफ सोडणारं ग्रीसच हवं.

आणि मेंटेनन्स. बेल्ट बदलायला माणूस हत्यारं घेऊन क्लीनरूममध्ये शिरला, की सगळी मेहनत वाया गेलीच म्हणून समजा. कपाटाची मागची बाजू भिंतीतून बाहेरच्या सर्व्हिस मार्गिकेत उघडली पाहिजे. दाराला नीट सील हवं, आणि ते उघडण्याआधी मालाच्या बाजूची झडप बंद झालीच पाहिजे, असं इंटरलॉक हवं. हे दार आराखड्यावर सही करण्याआधी मागून घ्या. भिंत उभी राहिल्यावर ते कापायचं म्हणजे उत्पादन थांबवून कक्षाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.