७२ वर्षांच्या बाबांना चालण्याचा व्यायाम झेपतोय का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर एक दिवस त्यांच्याबरोबर चाला आणि गप्पा मारत राहा. पूर्ण वाक्य सलग बोलता आलं तर वेग ठीक. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त होतंय. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नका, ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही.

घरी हात छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, तेही मोजा. महिन्याने परत.

माझी आई पांडवलेणीच्या पायऱ्यांवर कठडा धरून 'जरा नाशिक बघते' म्हणायची. तिला दम लागत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. छातीत दाब किंवा चक्कर आली तर लगेच थांबवा, दवाखान्यात न्या.