इराण्याच्या खुर्च्या : अस्सल की नक्कल?

प्रश्न : गिरगावातल्या एका इराण्याचं हॉटेल बंद झालं, तेव्हा आजोबांनी तिथल्या सहा खुर्च्या आणल्या. गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या लाकडाच्या दोन कमानी. आम्ही त्यांवर बसूनच जेवतो. पॉलिशवाला म्हणतो, "या नकली आहेत, काही किंमत येणार नाही. घासून नव्या करून देतो." काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी त्या पॉलिशवाल्याला थांबवा. खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या कड्याची आतली बाजू टॉर्चच्या उजेडात पाहा. कागदी लेबल किंवा ठसा असला तर बहुधा तिथेच असतो. अशीच एक खुर्ची मी पूर्वी जुनं पॉलिश काढायला कॉस्टिक सोड्याने धुतली आणि लेबल वाहून गेलं. ते अजून मनाला लागून आहे.

तुमच्या खुर्च्यांचा हा घाट मूळचा तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या थोनेट कारखान्याच्या १४ नंबरच्या खुर्चीचा. ती १८५९ सालची. बीच या युरोपी झाडाचं लाकूड वाफवून वाकवलेलं. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून तर ती बोटीने जगभर गेली. १८६९मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि 'याकोब अँड योसेफ कोन'सारखे कारखानेही त्याच घाटाच्या खुर्च्या राजरोस बनवू लागले. त्यांना नकली म्हटलेलं मला सहन होत नाही.

ठशात 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर खुर्ची १९१८नंतरची, कारण तो देशच तेव्हा जन्मला. ठसा नसेल तर लाकडाच्या रेषा बघा. वाफेवर वाकवलेल्या लाकडात त्या वळणाबरोबर वळतात. कमान करवतीने कापून जोडलेली असेल तर रेषा मध्येच तुटतात, सांधाही दिसतो. त्यात लाकूड सागवानी निघालं, तर खुर्ची इथल्याच सुताराच्या हातची समजा.

किंमत ठरते ती सहाही एकाच ठशाच्या आहेत का, पाय खालून कापलेत का, यावर. सुट्या सहांपेक्षा जुळलेला संच जास्त मोलाचा. बैठकीला प्लायवुड असेल तर कड्यावर ओळीने भोकं आहेत का, तेही पाहा. असतील तर तिथे मूळची वेताची जाळी होती. ती पुन्हा विणून घेता येते आणि त्यावरचा खर्च वाया जात नाही. मग चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या दोन दुकानदारांना वेगवेगळं विचारा, एकाचा भाव दुसऱ्याला न सांगता.

लेबल सापडलं तर त्यावर ओलं फडकं फिरवू नका. तसाच फोटो काढून मला पाठवा.