एकदाच फुटलेल्या ताऱ्याचा क्ष-किरण वर्णपट इतकी वर्षं बदलत का राहतो?

तुम्ही परभणीहून विचारलंय की १९८७चा सुपरनोव्हा फुटून संपला, तरी त्याच्या अवशेषाचा वर्णपट बदलतो कसा, आणि एमएस्सी करताना इथून त्यावर काही करता येईल का. मी लातूरला भौतिकशास्त्र शिकवतो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

स्फोट संपला, धडक संपलेली नाही. स्फोटाच्या सुमारे २० हजार वर्षं आधी ताऱ्यातून बाहेर पडलेल्या वायूचं एक कडं भोवती होतं. शॉकवेव्ह त्यावर आदळली आणि तो वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापला. पण वायूतले सुटे इलेक्ट्रॉन तापले म्हणून अणू लगेच सोलले जात नाहीत, म्हणजे त्यांचे स्वतःचे इलेक्ट्रॉन लगेच निघत नाहीत. हुरड्याच्या आगटीत आर कितीही फुललेला असो, कणसाला भाजायला वेळ लागतोच. इथे तो वेळ घनतेवर ठरतो. दर घन सेंटिमीटरमधले इलेक्ट्रॉन गुणिले सेकंद, हा गुणाकार एक लाख कोटीच्या आसपास गेला की समतोल येतो, म्हणजे अणूंपासून जितके इलेक्ट्रॉन सुटतात तितकेच परत जोडले जातात. कड्यातल्या दाट गाठींत घनता १० हजारांच्या घरात, म्हणजे तीनेक वर्षांत काम झालं. घनता १०० असेल तर ३०० वर्षं! म्हणून एकाच वर्णपटात मुरलेला आणि कच्चा, दोन्ही प्लाझ्मा (सोललेल्या अणूंचा तापलेला वायू) दिसतात.

सिलिकॉनच बघा. दोन इलेक्ट्रॉन उरलेल्या सिलिकॉनची रेषा १.८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, एकच उरलेल्याची २.०१ ला. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या ग्रेटिंगमध्ये (किरण ऊर्जेनुसार पसरवणाऱ्या जाळीत) दोन्ही स्वच्छ वेगळ्या होतात. दुसरी पहिलीच्या तुलनेत वाढत गेली, की प्लाझ्मा आणखी सोलला जातोय असं समजा. २०१३ नंतर कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची वाढ थांबली, जास्त ऊर्जेचे मात्र वाढत राहिले. लाट कड्याच्या पलीकडे गेल्याची ही खूण.

आपल्याकडून आकाशाचा तो भाग दिसणं अवघडच. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास मृग दक्षिणोत्तर रेषेवर येतो तेव्हा सुपरनोव्हा बरोबर त्याच्या खाली, क्षितिजापासून जेमतेम दोन अंशांवर असतो. तरी अडत नाही, कारण क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, सगळ्यांनाच उपग्रहांवर विसंबावं लागतं. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही क्ष-किरण दुर्बिणींची जुनी निरीक्षणं सर्वांना मोफत खुली आहेत, वर्णपटाला मॉडेल बसवून बघायचं एक्सस्पेक हे सॉफ्टवेअरही फुकट आहे.

आधी समतोलाचं मॉडेल बसवा आणि ते कुठल्या रेषांवर फसतं ते वहीत लिहा. मगच एक्सस्पेकमधलं असमतोलाचं 'व्हीनेई' मॉडेल लावा. मार्गदर्शन हवं असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेशी सहयोगी म्हणून जोडलेले प्राध्यापक तुमच्या विद्यापीठात आहेत का, ते विचारा.