फॉर्मसाठी माणूस बदलू नका (भोसरीचा अनुभव)

चाकणच्या तुमच्या कंपनीतून 'व्यवस्थापकांसाठी एआय' या तीन दिवसांच्या अनुदानित प्रशिक्षणाला दोघांना पाठवायचंय. ज्या सुपरवायझरला पाठवावं असं तुम्हाला वाटतं तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, आणि अनुदान देणारं कार्यालय म्हणतंय, "हा तुमचा कर्मचारीच नाही, दुसरं नाव द्या." तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा गार झाला. दीड वर्षापूर्वी मी नेमकी इथेच अडकले होते. तेव्हा मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून एवढं लांबण लावतेय.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कारखान्यात एचआर बघते, अ‍ॅडमिन बघते आणि 'ताई, हेही तुम्हीच बघा ना' हे तिसरं खातंही माझ्याचकडे आहे. माणसं नव्वदच्या आसपास, त्यातली कंपनीच्या पगारपत्रकावर निम्मीही नाहीत.

अर्ज, जीएसटी, कोटेशन हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. दोनच गोष्टी सांगते. मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत संस्थेला फी भरू नका. आणि उद्यमचं (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) जुनं प्रमाणपत्र जोडू नका, ताजी प्रिंट काढा. १ एप्रिल २०२५ पासून या वर्गांच्या मर्यादा बदलल्यात, लघु म्हणजे आता गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. जुन्या कागदावर 'मध्यम' असलेली कंपनी आज 'लघु' निघू शकते, आणि काही योजनांत अनुदानाची टक्केवारी त्यावरच ठरते.

आता मुद्द्याचं.

आमच्या लाइनवर एक सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. बावीस वर्षं बिडाच्या कास्टिंगमध्ये काढलेला माणूस. नगावरून अंगठा फिरवून बर (कडेला उरलेली धातूची धारदार कूस) राहिलीय की नाही ते सांगतात. 'लाइन थांबवा' असं मामा म्हणाले तर लाइन थांबते. मॅनेजर म्हणाले तर आधी सगळे मामांकडे बघतात. पण मामांचा पीएफ ठेकेदाराच्या चलनावर. कागदोपत्री ते आमचे कोणीच नाहीत.

त्याच सुमारास आम्ही लाइनच्या शेवटी कॅमेरा बसवला होता. मशिनिंग झालेल्या पृष्ठभागाचा फोटो काढून ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेमुळे राहिलेली भोकं, शोधणारा. आमच्याकडे एआय म्हणजे एवढंच. म्हणून प्रशिक्षणासाठी मी मामांचं नाव दिलं, कारण तो कॅमेरा रोज त्यांनाच सांभाळायचा होता.

मग त्या कार्यालयाच्या फेऱ्या. नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही. पहिल्या फेरीत सांगितलं, ठेकेदाराचं पत्र आणा. आणलं. दुसऱ्या फेरीत कळलं की पत्राचा नमुना बदललाय, आणि नवा नमुना कुठे मिळेल तर 'वेबसाइटवर बघा'. वेबसाइटवर जुनाच होता. तिसऱ्या फेरीला आधीच्या साहेबांची बदली झालेली, आणि नवीन मॅडमनी फाइल न उघडताच सांगितलं, "ठेकेदारी कामगार व्यवस्थापक कसा असेल? नेतृत्व करणाऱ्यांसाठी आहे हे." तो प्रश्न खरं तर चांगला होता. उत्तरही माझ्याकडे होतं. पण शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि त्या टेबलाला उत्तर ऐकायचं नव्हतं. खाडाखोड चालणार नाही म्हणून कोरा फॉर्म दिला. तो मी बाहेर येऊन अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर ठेवून भरला, आणि मामांच्या जागी आमच्या ऑफिसमधल्या एका असिस्टंट मॅनेजरचं नाव घातलं. गृहस्थ चांगले आहेत, इंग्रजी उत्तम, त्या आठवड्यात रिकामेही होते. एरवी डिस्पॅच आणि बिलिंग बघतात.

सगळ्यात महाग पडलेली चूक ती. फी माणशी २४ हजार होती, अनुदान ७५ टक्के. म्हणजे मी कंपनीचे १८ हजार वाचवले. मालकांनी पाठही थोपटली.

पुढे काय झालं ते नीट सांगते, कारण कोर्सच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. असा कॅमेरा 'चांगला' किंवा 'खराब' असं म्हणत नाही. तो प्रत्येक नगाला एक आकडा देतो, आणि कोणत्या आकड्यापुढे नग बाद धरायचा ती रेघ माणसानं आखायची असते. रेघ कडक ठेवली तर चांगले नग बाद होतात, सैल सोडली तर खराब नग पुढे सरकतात. दोन्ही चुका एकदम शून्यावर येत नाहीत. शिवाय कॅमेरा ज्या फोटोंवर शिकला, त्या फोटोंसारखं दिसतंय तोवरच त्याचं डोकं चालतं.

पावसाळ्यात आम्ही गंजरोधक तेल बदललं. नवं तेल जास्त चकाकायचं आणि त्याचे थेंब पृष्ठभागावर टिकून राहायचे. कॅमेऱ्याला ते भोकांसारखे दिसायला लागले. धडाधड चांगले नग बाद. ट्रॉली भरून वाहिली, गाडी रिकामी उभी, डिस्पॅचवरून फोनावर फोन. मग रात्रपाळीत कोणीतरी ती रेघ सैल केली. कोणी केली ते मला माहीत आहे आणि त्याचा दोष नाही. स्क्रीनवर सरकवायची पट्टी होती, पासवर्ड नव्हता, आणि सरकवू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसपाळीलाही कोणी कळवलं नाही. मामांना वाटलं, मशीन आता सुधारलं.

खरे ब्लोहोल असलेले नग ग्राहकाच्या असेंब्लीपर्यंत गेले. त्यांच्या गेटवर अकरा दिवस थर्ड पार्टी सॉर्टिंग, म्हणजे बाहेरच्या माणसांकडून एकेका नगाची छाननी, आमच्या खर्चानं. वर डेबिट नोट, म्हणजे ग्राहकानं आमच्या नावे टाकलेली नुकसानीची रक्कम. सगळं मिळून २ लाख ६० हजारांच्या वर. १८ हजारांच्या बदल्यात.

खरी कळ पुढे आहे. चौकशी सुरू झाल्यावर असिस्टंट मॅनेजरांनी कपाटातून प्रशिक्षणाची पुस्तिका काढली. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सत्रात हेच होतं: मर्यादा (म्हणजे तीच रेघ) बदलण्याचा अधिकार कोणाला, बदल कुठे नोंदवायचा, कच्चा माल किंवा प्रक्रिया बदलली की पुन्हा तपासणी कधी घ्यायची. त्यांनी त्याखाली पिवळी रेघही ओढली होती. आमच्या कॅमेऱ्याला अशी काही मर्यादा असते हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो कॅमेरा कधी जवळून पाहिलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तिकेतलं उदाहरण होतं, कॉल सेंटरचं.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: ज्याच्या शब्दावर काम थांबतं त्याला पाठवा. हुद्दा बघू नका, इंग्रजी बघू नका, 'सध्या कोण मोकळं आहे' हे तर मुळीच बघू नका. कारखान्यात मोकळा असलेला माणूस बहुतेक वेळा त्या कामाचा नसतो, म्हणून तर मोकळा असतो. अनुदान नाही मिळालं तर पूर्ण फी भरा. तुम्हाला दोन जागा आहेत ना? एका जागेवर पगारपत्रकावरचा, पण शॉपफ्लोअरवर उभा राहणारा माणूस अनुदानातून पाठवा, दुसऱ्या जागेवर तुमचा सुपरवायझर स्वखर्चानं.

आणि कोणी 'शॉर्टकट' सुचवेल की फॉर्मपुरतं त्याला आपला कर्मचारी दाखवा. नका करू. उद्या तोच कागद दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या अर्थानं वाचला जातो, ठेकेदारी खरी की नावापुरती असा प्रश्न उभा राहतो. मी वकील नाही. तुमच्या कामगार सल्लागाराला विचारूनच काय ते ठरवा.

अजून एक, जे आमच्या त्या कोर्समध्ये कोणी उच्चारलंही नाही. कॅमेरा आला त्या आठवड्यात कँटीनमध्ये एकच विषय होता, इन्स्पेक्शनच्या पोरी जाणार. आम्ही गप्प बसलो. नव्या तंत्रामुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होतं, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तशी तरतूद आहे. आमच्याकडे कोणाला काढायचं नव्हतंच. पण ते पहिल्याच दिवशी लाइनवर उभं राहून मराठीत सांगायला हवं होतं. कोणी घाबरलेलं असलं की मशीन चुकतंय हे तो सांगत नाही, मजा बघतो. (आमच्या दोन मुली चांगले नग बाद होताना बघत होत्या. "आम्हाला कोण विचारतंय," म्हणाल्या.)

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तुमच्याकडे कोणी वापरत नसेल असं समजू नका, फोनवर वापरतातच. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा कोड त्यात टाकला आणि मग कंपनीनं बंदी घातली. आमच्याकडे एकानं ग्राहकाचं ड्रॉइंग टाकलं होतं, ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असताना. बंदीपेक्षा 'काय टाकायचं नाही' याची पाच ओळींची यादी मशीनजवळ चिकटवा, जास्त चालते.

तारखा घेताना वार बघा. हे कोर्स बहुतेक शनिवार-रविवारी ठेवतात, आयटीवाल्यांची सोय. भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी, म्हणजे शनिवार-रविवार हे आमचे भर कामाचे दिवस. तुमच्याकडे काय आहे ते बघून बदली माणूस आधीच ठरवा, नाहीतर सुपरवायझर वर्गात बसून दिवसभर फोनवर लाइन चालवतो.

आता सावधपणे: हा एका कारखान्याचा अनुभव आहे. योजनेचे नियम बदलत राहतात, सगळी कार्यालयं अशी नसतात. आमच्याच फाइलला शेवटी वाट दाखवली ती त्याच इमारतीतल्या एका शिपायानं.

मामा पुढच्या बॅचला गेले, कंपनीच्या खर्चानं. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याला पासवर्ड. दुसरं, शेजारी दोरीनं बांधलेली वही: तारीख, पाळी, कोणी बदललं, का बदललं. तेल बदलायचं असेल तर स्टोअरवाला आता आधी मामांना विचारतो. प्रमाणपत्रावर त्यांचं आडनाव चुकलंय, ते दुरुस्त करून घ्यायला मी अजून गेलेली नाही.

तुमच्या पोस्टमधल्या फॉर्मच्या फोटोत त्या सुपरवायझरचा यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर स्पष्ट दिसतोय. तो आधी झाका.