कर्ज काढून जिओलॉजीत एमएस करू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बीएस्सी जिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत एमएसला अ‍ॅडमिशन मिळतंय, पण सगळी फी स्वतः भरायची, म्हणजे मोठं कर्ज आलं. बाबा म्हणतात दगडांच्या शिक्षणावर एवढा पैसा घालण्यापेक्षा डेटा सायन्स कर. एक सीनियर म्हणतो ऑइल कंपनीत लागलीस की दोन वर्षांत कर्ज फिटेल. विषय मला मनापासून आवडतो, पण भीती वाटते. काय करू?

उत्तर : सीनियरचं बोलणं आधी बाजूला ठेवू, कारण कर्जाचा हिशेब चुकतो तो तिथेच. ऑइलमध्ये पगार चांगला असतो हे खरंय, पण नोकऱ्या तेलाच्या भावाप्रमाणे येतात आणि जातात. २०१४ च्या मध्यात बॅरल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली आलं आणि त्या काळात जगभर कितीतरी जिओलॉजिस्टच्या नोकऱ्या गेल्या. मग एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकन तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. १९८६ मध्येही भाव असाच कोसळला होता. आणि तू अ‍ॅडमिशन आज घेणार पण नोकरी शोधणार दोन वर्षांनी, तेव्हा बाजार कसा असेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. खाणीकडे जायचं म्हटलं तरी तेच, लिथियमचा भाव २०२२ च्या शेवटी शिगेला होता आणि पुढच्या वर्षभरात धाडकन पडला.

म्हणून हप्त्याचा हिशेब मांडताना पगार धरायचा तो पर्यावरण किंवा भूजल कन्सल्टन्सीतल्या अगदी ज्युनियर माणसाचा, म्हणजे बोअरहोलचे नमुने घेणारा, कोअर (ड्रिलिंगमधून निघालेला खडकाचा दंडगोल) तपासून नोंदवणारा, दिवसभर साइटवर उभा राहणारा. त्या पगाराच्या एक तृतीयांशपेक्षा हप्ता जास्त जात असेल तर माझ्या मते ते कर्ज घेऊ नये. या कामांना वर्षभर मागणी असते, कारण बोगदा, धरण, दूषित जमिनीची सफाई हे तेलाच्या भावावर ठरत नाही. फक्त छोट्या कन्सल्टन्सी परदेशी मुलांना व्हिसा स्पॉन्सर करायला नाखूश असतात, हे मनात धरून चाल.

आता या कोर्समध्ये खरा फायदा कधी दिसतो? पहिल्या पगारात नाही, पाचव्या-सहाव्या वर्षी. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत प्रोफेशनल जिओलॉजिस्टचं लायसन्स लागतं, त्यासाठी डिग्रीवर काही वर्षांचा अनुभव आणि दोन परीक्षा. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्क नियमांनुसार खनिजसाठ्याच्या रिपोर्टला जबाबदार राहायचं तर त्या प्रकारच्या कामाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. तुझ्या सहीला किंमत येते ती तेव्हा, आणि तोवर हप्ते तर भरावेच लागतात!

मग एमएस सोडून द्यायचं का? अजिबात नाही, पण पैसे कोण भरतंय ते बघ. जिओसायन्समध्ये थीसिसवाल्या एमएसला बऱ्याच ठिकाणी टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळते, फी माफ होते आणि वर महिन्याला थोडे पैसे येतात. थीसिस नसलेला कोर्स बहुतेक वेळा स्वखर्चाचाच, आणि तुला मिळतंय ते तसंच दिसतंय. कॅनडातही रिसर्चवाल्या एमएस्सीला साधारण स्टायपेंड असतो आणि जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही (राहण्याखाण्याचा खर्च असतोच, तो धर). त्यामुळे आत्ताच्या युनिव्हर्सिटीला सरळ विचार, थीसिसकडे वळता येईल का आणि असिस्टंटशिप कधीपासून मिळेल. सोबत हेही विचार की फील्ड कॅम्पचा (बाहेर जाऊन खडक अभ्यासायच्या शिबिराचा) खर्च वेगळा आहे का आणि मागच्या दोन बॅचेस आज कुठे काम करतायत. उत्तर गोलमोल आलं तर ते अ‍ॅडमिशन सोड, एक वर्ष भूजल किंवा ड्रिलिंग साइटवर काढ आणि पुढच्या वर्षी फंडिंग असलेल्या ठिकाणी अर्ज कर, साइटचा अनुभव असलेल्या मुलीकडे प्रोफेसर जास्त लक्ष देतात.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पायथन (कोडिंगची भाषा) आणि जीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शीकच, पण जिओलॉजी सोडून नाही, तिच्यासोबत. उदाहरणार्थ, नॉर्वेच्या स्लाइपनर गॅसक्षेत्रात १९९६ पासून समुद्राखालच्या सँडस्टोनमध्ये (वाळूच्या खडकात) कार्बन डायऑक्साइड भरतायत, तो आत राहतोय का हे पुन्हापुन्हा सायस्मिक सर्व्हे करून (ध्वनिलहरी सोडून आतल्या थरांचं चित्र काढून) बघतात, आणि तो डेटा वाचायला खडकाची सच्छिद्रता आणि वरच्या शेलची (वायू अडवणाऱ्या चिखलाच्या खडकाची) जाडी कळणारा माणूसच लागतो, नुसता कोड येऊन भागत नाही.

प्रोफेसरना मेल करताना सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नकोस, त्यांचा एखादा पेपर वाचून त्यावर नेमका प्रश्न विचार आणि बीएस्सीला केलेल्या मॅपिंगचा नकाशा जोड. मार्कशीट ते मागाहून मागतीलच.